कायम, कंत्राटी आणि नाक्यावरचे : श्रमबाजारातल्या भिंती कशा उभ्या राहतात

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे किंवा पावणे भागातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात एकाच पाळीला, एकाच छपराखाली तीन प्रकारची माणसे काम करीत असतात आणि तिघांनाही आपण कामगारच म्हणतो. पहिला कायम कामगार. त्याचा पगार युनियनने व्यवस्थापनाशी केलेल्या करारातून ठरतो, दर तीन-चार वर्षांनी तो करार नव्याने होतो, आणि बोनस, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी हे सारे त्याला मिळते. दुसरा शेजारच्याच यंत्रावर उभा असतो, पण त्याचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते. त्याला फार तर किमान वेतन मिळते; कंत्राटदार दोन-तीन वर्षांनी बदलतो, हा माणूस मात्र दहा-दहा वर्षे त्याच यंत्रावर राहतो आणि कागदोपत्री दर वेळी नव्याने भरती झालेला असतो. तिसरा सकाळी मजूर नाक्यावरून आणलेला. गाडी भरायची असेल तर काम, नाही तर घरी परत. तिघांच्या कामात फरक थोडाच असतो. मिळकतीत तो मोठा असतो आणि निश्चिंततेत त्याहून मोठा.

हा फरक का पडतो, तो टिकून का राहतो आणि तो कमी करण्याचे कोणते उपाय खरोखर चालतात, हा या लेखाचा विषय आहे. अर्थशास्त्रात याला श्रमबाजाराचे विभाजन म्हणतात. मला ‘कप्पे’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण विभाजन म्हटले की नुसती वाटणी डोळ्यांसमोर येते, तर इथे मुद्दा कप्प्यांमधल्या भिंतींचा आहे.

पाठ्यपुस्तकातला श्रमबाजार तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारासारखा असतो. लासलगावला भाव चढला की तुर्भ्याला चढतो, कारण व्यापारी जिथे चार पैसे जास्त मिळतात तिथे माल वळवतो आणि त्या ओढाताणीत सारख्या प्रतीच्या मालाचा भाव सगळीकडे साधारण सारखा होतो. माणसाच्या श्रमाचेही असेच होईल, म्हणजे कमी पगाराचा कामगार जास्त पगाराच्या जागेकडे जाईल आणि हळूहळू सारख्या कामाचा दर सारखा होईल, अशी अपेक्षा होती. जॉन एलियट केअर्न्स या आयरिश अर्थतज्ज्ञाने १८७४ मध्येच या अपेक्षेला हरकत घेतली. मजूर हे एका मोठ्या बाजारात परस्परांशी स्पर्धा करीत नसून एकमेकांशी स्पर्धाच न करणाऱ्या गटांत विभागलेले असतात, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९७१ मध्ये पीटर डोरिंजर आणि मायकेल पिओरे या अमेरिकी अभ्यासकांनी दुहेरी श्रमबाजाराची मांडणी केली. वरच्या कप्प्यात स्थिर नोकरी, बढतीची शिडी, ठरलेले नियम आणि तक्रारीची सोय असते. खालच्या कप्प्यात कमी मजुरी, अस्थिरता आणि मुकादमाची मर्जी असते. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की, खालचा कप्पा ही वरच्या कप्प्याची पहिली पायरी नसते. तिथे कितीही वर्षे काढली तरी माणूस आपोआप वर जात नाही, कारण तिथल्या अनुभवाला वरच्या कप्प्यात किंमत नसते.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत रोज दारात उभे राहून कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळवणारे ‘बदली’ कामगार हजारोंनी होते, आणि कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे माणसे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, हाती होते. त्याच गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे, पण तिथे दलित कामगारांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. त्यामुळे त्यांच्या वाट्याला सूत कातण्याचे, कमी मजुरीचे रिंग खाते येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० च्या दशकाच्या अखेरच्या संपांच्या काळात हा प्रश्न लावून धरला. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ मध्ये मांडले, तेव्हा त्यांच्यासमोर हा गिरणीतला अनुभवही होता, असे मानायला हरकत नाही. श्रमबाजाराच्या कप्प्यांविषयी याहून नेमके वाक्य मला माहीत नाही.

आकडे काय सांगतात

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००४-०५ ची आकडेवारी तपासून देशातल्या सुमारे ४५ कोटी ७० लाख कामकरी माणसांपैकी ९२ टक्के असंघटित स्थितीत आहेत, असा निष्कर्ष काढला होता. यात शेतमजुरापासून फेरीवाल्यापर्यंत सगळे आले, त्यामुळे हा आकडा वाचून कुणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटायला हवे ते पगारी नोकरदारांच्या आकड्यांचे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षी असे दिसले की, शेती वगळता नियमित पगारावर काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के लोकांकडे लेखी नेमणूकपत्र किंवा करार नव्हता, आणि निम्म्याहून अधिक लोकांना कोणतीही सामाजिक सुरक्षा नव्हती. म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस वरच्या कप्प्यात असतोच असे नाही.

कारखान्यांचे चित्र तर आणखी बोलके आहे. उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार १९९० च्या दशकाच्या अखेरीला कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटी कामगारांचे प्रमाण साधारण १५-१६ टक्के होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या वर गेले. हे त्याच पंचवीस वर्षांत झाले, ज्यात वागळे इस्टेट, कोलशेत आणि बाळकुमचे कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी निवासी मनोरे, कार्यालये उभी राहिली. जे कारखाने राहिले त्यांनी कायम कामगाराची निवृत्ती झाली की ती जागा कंत्राटदाराकडून भरण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे कुणाला काढले असे झाले नाही, मोर्चा निघाला नाही, वर्तमानपत्रात बातमी आली नाही. वरचा कप्पा हळूहळू रिकामा होत गेला.

भिंत नेमकी कशाची

सर्वात सोपे स्पष्टीकरण कौशल्याचे असते. ज्याला जास्त येते त्याला जास्त मिळते, असे म्हटले की विषय संपतो. कौशल्याला किंमत असते हे खरेच; पण दहा वर्षे त्याच यंत्रावर काम केलेल्या कंत्राटी ऑपरेटरला कायम ऑपरेटरपेक्षा कमी येते, असे कारखान्यातला कुठलाही फोरमन म्हणणार नाही. जर्मनीतला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. डेबोरा गोल्डश्मिट आणि योहानेस श्मीडर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अशा माणसांचा माग काढला की, ज्यांचे सफाई, सुरक्षा, उपाहारगृह किंवा मालवाहतुकीचे काम मोठ्या कंपनीने बाहेरच्या कंपनीला देऊन टाकले होते. माणूस तोच, काम तेच, पुष्कळदा जागाही तीच. फक्त मालक बदलला, आणि तशाच कामावर मूळ कंपनीत राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांचा पगार १० ते १५ टक्क्यांनी खाली गेला. ऐरोलीच्या किंवा महापेच्या आयटी पार्कमधल्या हाउसकीपिंगच्या माणसांकडे पाहताना हे लक्षात ठेवावे. जुन्या कारखान्यात झाडू मारणाराही कारखान्याचाच माणूस असे. कामगारांना पंधरा टक्के पगारवाढ मिळाली की त्यालाही मिळे आणि दिवाळीचा बोनस सगळ्यांबरोबर मिळे. आता त्याच्या अंगावर वेगळ्या कंपनीचा गणवेश असतो, आणि ज्या इमारतीची फरशी तो पुसतो तिच्या नफ्याशी त्याचा काहीही संबंध उरलेला नसतो.

दुसरी भिंत कायद्याच्या उंबरठ्यांनी बांधली जाते. भविष्य निर्वाह निधी साधारणपणे २० माणसांच्या आस्थापनेपासून, राज्य कामगार विमा १० माणसांपासून. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा मुळात २० माणसांपासून लागू होता. महाराष्ट्राने तो आकडा पुढे ५० वर नेला आणि केंद्राच्या नव्या कामगार संहितेतही तो ५० च आहे. उंबरठा आला की त्याच्या अलीकडे थांबण्याची युक्तीही येते. ४९ माणसे एका कंत्राटदाराच्या नावावर आणि ४९ त्याच्या मेहुण्याच्या नावावर, हे गणित कुणी शिकवावे लागत नाही. तसेच २४० दिवसांचे. महाराष्ट्रात लागू असलेल्या आदर्श स्थायी आदेशांत वर्षभरात २४० दिवस काम झालेल्या तात्पुरत्या किंवा बदली कामगाराला कायम करण्याची तरतूद होती, म्हणून सातव्या महिन्याच्या शेवटी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे कामावरून काढून पुन्हा नव्याने घेण्याची, प्रथा पडली. अशा रीतीने वर्षानुवर्षे माणसाला तात्पुरता ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने स्पष्ट म्हटले. पण ते सिद्ध करण्याचे ओझे ज्याची नोकरी गेली आहे त्याच्यावर पडते.

तिसरी भिंत माहितीची आणि ओळखीची आहे, आणि तिच्याविषयी आपण सर्वात कमी बोलतो. काम ‘लागते’ ते कुणीतरी ‘लावल्यामुळे’, हे मराठीचे क्रियापदच सांगते. मुकादम आपल्या गावचे, आपल्या भावकीतले लोक आणतो. त्यामुळे एकेका कामावर एकेका तालुक्याचा, एकेका जातीचा शिक्का बसतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले होते. त्यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश होती. मुलाखत झालेली नव्हती, चेहरा पाहिलेला नव्हता. केवळ कागदावरचे नाव होते.

नवी मुंबईत या ओळखीच्या भिंतीला जमिनीचा आणखी एक थर आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या स्थापनेनंतर १९७० पासून ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे शहरासाठी संपादित झाली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. प्रकल्पग्रस्तांची दुसरी मागणी नोकऱ्यांची होती. ती अर्धवटच पुरी झाली, आणि काळाच्या ओघात गावागावांतल्या थोड्या हुशार, थोड्या वजनदार माणसांना नोकऱ्यांऐवजी मजूर पुरवठ्याची, भरावाची, टँकरची कंत्राटे मिळू लागली. ज्यांनी कायम नोकरी मागितली होती त्यांच्यातलेच काही कंत्राटदार झाले आणि बाकीचे त्यांच्या हजेरीपटावर गेले. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण भूमिपुत्रांना रोजगार ही घोषणा आज ऐकताना, रोजगार की कंत्राट, असे विचारून घेणे बरे.

स्त्रियांच्या बाबतीत भिंत पुष्कळदा अंतराची असते. दिघा, इलठणपाडा किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीतली बाई धुणीभांडी, स्वयंपाकाची कामे धरते ती चालत जाता येईल अशा सोसायट्यांत, कारण तिला दुपारी मुलाच्या शाळेच्या वेळेला घरी परतायचे असते. तीन किलोमीटर पलीकडे दर जास्त असला तरी तिला त्याचा उपयोग नाही. विकत घेणारे मोजके आणि विकणाऱ्याला दुसरीकडे जाणे कठीण, अशा बाजारात दर खाली राहतो, हे जोन रॉबिन्सन या ब्रिटिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘आपल्या बिल्डिंगमध्ये भांड्यांचा रेट किती’ अशी विचारणा होते तेव्हा घडत असते ते नेमके हेच, फक्त कुणी त्याला अर्थशास्त्र म्हणत नाही.

भिंत पाडायची की दार ठेवायचे

उपायांचा विचार करताना दोन टोके लगेच पुढे येतात. एका बाजूला असे म्हणतात की, कायम कामगारांचे संरक्षण कमी करा म्हणजे मालक सगळ्यांनाच नोकरीवर घेतील. दुसरी बाजू म्हणते, सगळ्या कंत्राटी कामगारांना कायम करा. पहिल्या उपायाने भिंत जाते, पण सगळे खालच्या कप्प्यात येऊन. आणि संरक्षण गेल्यावर पगार वाढेल अशी हमी कुणीच देत नाही. दुसऱ्या मागणीत न्याय आहे, पण तिची वाट न्यायालयांतून जाते आणि ती अरुंद आहे. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. कंत्राट केवळ दिखाऊ आहे हे सिद्ध झाले तरच तसे होते. सरकारी सेवेतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे २००६ मध्ये उमादेवी खटल्यात ठरले. मग २०१६ मध्ये जगजित सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने, कायम नसले तरी तेच काम करणाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन द्यावे लागेल, असा निकाल दिला. नवी मुंबई महापालिकेसारख्या, सफाईपासून उद्यानांपर्यंतची कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटी माणसांकडून करून घेणाऱ्या संस्थेत ‘समान कामाला समान वेतन’ ही घोषणा पुन्हा पुन्हा का उठते, ते या निकालाच्या पार्श्वभूमीवर कळते.

प्रशिक्षणाचा उपाय मी मुद्दाम थोडक्यात उरकतो. तो चांगला आहे, पण त्याने माणूस बदलतो, कप्पा बदलत नाही. आयटीआय झालेली मुले आज याच पट्ट्यात शिकाऊ उमेदवार म्हणून, मग कंत्राटदारामार्फत, मग पुन्हा दुसऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून फिरताना दिसतात.

या सगळ्यांपेक्षा वेगळा विचार करणारा एक उपाय महाराष्ट्रातच, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी झाला आणि तो तुर्भ्याच्या बाजारात आजही चालू आहे. हमालाची अडचण अशी होती की, त्याला एक मालकच नसे. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गोण्या उतरवायच्या, दुपारी दुसऱ्याची गाडी भरायची. मग भविष्य निर्वाह निधी कोण भरणार, आणि पाठीत उसण भरली तर खर्च कोण देणार? अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. गोदीतल्या मजुरांसाठी आधीच असलेल्या मंडळाच्या कल्पनेवर तो बेतलेला होता. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, हमालांच्या टोळीनेही करायची. मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांची लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची तरतूद करायची. महिन्याभरात तीस व्यापाऱ्यांचे काम केले तरी त्याचे खाते एकच राहते. मशीद बंदर, भायखळ्याचा घाऊक बाजार नवी मुंबईत आला तेव्हा ही व्यवस्थाही बरोबर आली, आणि कोपरखैरणे-घणसोलीतल्या माथाडी वसाहती याच व्यवस्थेच्या बळावर उभ्या राहिल्या.

या व्यवस्थेत दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. हक्क इथे मालकाच्या गेटला बांधलेले नाहीत, तर कामगाराच्या खात्याला बांधलेले आहेत, त्यामुळे मालक बदलला तरी ते तुटत नाहीत. आणि बाजारातल्या प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला तीच लेव्ही भरावी लागत असल्याने, हमालाची सुरक्षा कापून शेजारच्या गाळ्यापेक्षा स्वस्त होण्याची सोय कुणालाच उरत नाही. कंत्राटी पद्धतीत नेमकी हीच सोय असते. तिथे सर्वात कमी दराची निविदा जिंकते आणि जो माणसांच्या पगारातून जास्त कापू शकतो त्याचाच दर कमी असतो. एखादा प्रामाणिक कंत्राटदार असला तरी या शर्यतीत तो टिकत नाही. भला कंत्राटदार शोधून यावर उपाय होत नाही. शर्यतीचा नियमच बदलावा लागतो, आणि लेव्ही तेच करते.

याच नमुन्यावर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला, आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी मंडळ आले. पण त्यात सूट मिळण्याची तरतूद ठेवली गेली आणि खासगी एजन्सींनी ती वाट धरली. आज ठाण्यात एकाच रस्त्यावर एका गेटवर मंडळाचा रक्षक असतो आणि समोरच्या गेटवर बारा तासांची पाळी करणारा एजन्सीचा. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तीन एजन्सींची दरपत्रके वाचली गेली तेव्हा सर्वात कमी दराच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो, हे इथे कबूल केले पाहिजे. त्या दरात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उभा राहणारा दुसरा माणूस धरलेला आहे का, हे कुणी विचारले नाही, मीही नाही.

माथाडी व्यवस्थेचे दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. आत असलेल्यांचे भले झाले की बाहेरच्यांसाठी दार लहान होते, हा धोका आसार लिंडबेक आणि डेनिस स्नोअर यांनी १९८० च्या दशकात ‘आतले आणि बाहेरचे’ या मांडणीतून दाखवला होता, आणि तुर्भ्याला तो लागू पडतो. टोळीतली जागा नात्यागोत्यात फिरते, नोंदणी एकाची आणि पाठीवर गोणी दुसऱ्याची, अशी तक्रार जुनी आहे. दाणा आणि मसाला बाजारात चाळण्या-निवडण्याचे काम करणाऱ्या बायका या छत्राच्या बहुतांशी बाहेरच राहिल्या. माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांचा उपद्रवही या पट्ट्याला माहीत आहे, आणि तो उपद्रव दाखवून मूळ कायदाच सैल करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. माझे मत असे आहे की, खंडणी हा पोलिसांचा विषय आहे. तिच्यासाठी लेव्हीचा बळी देण्याचे कारण नाही. नोंदणीचे दार मात्र खरोखर उघडले पाहिजे, आणि त्याला माथाडी संघटनांनीच पुढाकार घ्यायला हवा.

नाक्यावरच्या बांधकाम मजुराचे उदाहरण इथे उलट्या बाजूने शिकवते. त्याच्यासाठी १९९६ मध्ये कायदा झाला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमा होतो, कल्याणकारी मंडळ आहे, म्हणजे पैशाची तजवीज आहे. पण मंडळाकडे नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या मिस्त्रीच्या मागे जाणाऱ्याला हा दाखला कोण देणार? माथाडीत कामाची नोंद मजुरीबरोबरच होते, इथे ती मजुराने मागाहून गोळा करायची आहे, आणि एवढ्या एका फरकाने हक्काची याचना होते.

आता हीच कल्पना नव्या रूपात परत आली आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मोबाइल अॅपवरून डिलिव्हरी आणि टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. घोडबंदर रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी लावून फिरणारा मुलगाही हमालासारखाच एका मालकाचा नसतो. सकाळी एका अॅपवर आणि रात्री दुसऱ्यावर. त्याच्यासाठी आलेली ही वर्गणी म्हणजे एका अर्थी लेव्हीच आहे, जरी माथाडीच्या मानाने ती फारच थोडी असली आणि मजुरीच्या दराला तिने हात लावलेला नसला तरी. मुदतबंद नेमणुकीवरच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूदही त्याच दिशेची आहे. उलट बाजूला, मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते खरी, पण सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, मालाची चढउतार अशी कामे त्या व्याख्येतून बाहेर काढते. म्हणजे ज्या कामांत भिंत सर्वात जुनी आहे तिथे ती कायद्याने मान्य झाली.

भिंत कमी करता येते, याचा अलीकडचा दाखला स्पेनचा आहे. तिथे चारांपैकी एक पगारी कामगार तात्पुरत्या करारावर असे. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांच्यात वाटाघाटी होऊन डिसेंबर २०२१ मध्ये नवा कायदा आला: तात्पुरता करार करायचा तर त्याचे ठोस कारण द्यावे लागेल आणि हंगामी कामासाठी, दर हंगामात परत बोलावण्याचे बंधन असलेला कायम करार करावा लागेल. दोन वर्षांत तात्पुरत्यांचे प्रमाण सहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरले, आणि त्या काळात रोजगार घटला नाही. हंगाम नसताना घरी बसणारा माणूस कागदोपत्रीच कायम असतो, असा आक्षेप टीकाकार घेतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही, परत बोलावले जाण्याचा हक्क किती मोलाचा असतो, हे कुठल्याही जुन्या बदली कामगाराला विचारावे.

आपल्याकडे सर्वात लवकर हलवता येण्याजोगी कळ सरकारी आणि निमसरकारी निविदांची आहे, कारण या शहरांतला कंत्राटी मजुरांचा मोठा गिऱ्हाईक महापालिका, सिडको, बंदर आणि आता विमानतळ हाच आहे. पुष्कळ निविदांत मजुरीचा दर ठरवून दिलेला असतो आणि कंत्राटदार स्पर्धा करतो ती फक्त स्वतःच्या सेवाशुल्कावर. ते शुल्क शून्याच्या जवळ आणून कंत्राट घेणारा माणूस आपला नफा कशातून काढणार, हे उघड असते. कुणी गणवेशाचे पैसे कापतो, कुणी एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतो, कुणी कामावर घेतानाच एका महिन्याचा पगार मागतो. मजुरी थेट खात्यात, भविष्य निर्वाह निधीच्या चलनाची माणसागणिक पडताळणी झाल्यावरच कंत्राटदाराचे बिल, आणि कंत्राटदार बदलला तरी तीच माणसे त्यांच्या सेवेच्या वर्षांसह पुढे चालू ठेवण्याची अट, एवढे निविदेत लिहायला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, ही तरतूद तर १९७० पासून कायद्यात आहे.

उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. सामान चढवणे-उतरवणे, सफाई, ट्रॉल्या, पार्किंग, सुरक्षा, खाद्यगृहे अशी हजारो कामे तिथे एकेक करून वाटली जात आहेत. आजूबाजूच्या गावांतून अर्ज घेऊन येणाऱ्या मुलांना अजून माहीत नसते की, त्यांच्या ओळखपत्रावर शेवटी कुणाचे नाव छापलेले असेल.